हजार जहाजांची एक वही

चालत्या जहाजावरून समुद्रात बादली सोडून पाणी वर काढणं हे काम ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं ते नाही. दोरी हाताला हिसका देते, बादली लाटेवर आपटते, निम्मं पाणी वर येईपर्यंत सांडतं. त्या उरलेल्या पाण्यात थर्मामीटर बुडवायचा, आकडा वाचायचा आणि तो हवामानाच्या नोंदवहीत लिहायचा. वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, हवेचा दाब, ढग, लाटांची उंची आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान, असे रकाने. ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे दर सहा तासांनी. मी व्यापारी जहाजावर थर्ड ऑफिसर झालो तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मला ते बिनकामाचं वाटत होतं.

1977 सालचा जुलै महिना. मोंबासाहून एडनला निघालो होतो. सोमालियाचा किनारा डाव्या हाताला, पाठीमागून नैर्ऋत्य मोसमी वारा आणि रात्री नऊची नोंद. पाऊस नव्हता, पण जहाज असं डोलत होतं की बादली टाकायला खलाशाला पाठवणं जिवावर येई. मी एक युक्ती काढली. आदल्या दिवशीचा आकडा होता 27. तोच पुन्हा लिहिला. दुसऱ्या रात्रीही 27, तिसऱ्या रात्रीही 27. कुणाला कळणार होतं?

चौथ्या दिवशी सकाळी कप्तानसाहेबांनी वही मागवली. ते गोव्याचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी मला काही न बोलता डेकवर नेलं आणि स्वतः बादली टाकायला लावली. थर्मामीटर वीसच्या आसपास येऊन थांबला. मला वाटलं, बिघडला. बिघडला नव्हता. नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात असला की सोमालियाच्या किनाऱ्यावरचं वरचं उबदार पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. भर उन्हाळ्यात, विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर, समुद्र चक्क गार पडतो. त्या गार पट्ट्यातून आम्ही तीन दिवस चाललो होतो आणि माझ्या वहीत तो पट्टा नव्हताच.

ते ओरडले नाहीत. त्या रात्री वॉचवर माझ्याशेजारी उभं राहून त्यांनी मला एका माणसाची गोष्ट सांगितली. मॅथ्यू फाँटेन मॉरी. तेव्हा ऐकलेली ती गोष्ट पुढे मी मिळेल तिथून वाचत गेलो. आज ती सांगावीशी वाटण्याचं कारण घरातलंच आहे, ते पुढे येईलच.

मॉरीचा जन्म 14 जानेवारी 1806 रोजी अमेरिकेत व्हर्जिनियात झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब टेनेसीत शेती करायला गेलं. समुद्र तिथून शेकडो मैल दूर. पण थोरला भाऊ जॉन नौदलात होता, आणि त्याच्या गोष्टी ऐकून धाकट्याचं मन तिकडेच. तो बारा वर्षांचा असताना उंच झाडावरून पडला आणि पाठीला मार बसला. शेतीच्या कष्टाला पोरगा उपयोगाचा नाही म्हटल्यावर वडिलांनी त्याला शाळेत घातलं. पुढे जॉन नौदलात असतानाच पिवळ्या तापाने गेला. एक मुलगा समुद्राने नेला, दुसरा द्यायला बाप तयार नव्हता. 1825 मध्ये एकोणीस वर्षांचा मॅथ्यू वडिलांचा आशीर्वाद न घेताच नौदलात दाखल झाला.

पहिल्या काही वर्षांत त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण त्याच्या आयुष्याला वळण लागलं ते 1831 मध्ये. 'फालमथ' या जहाजावर मार्ग ठरवण्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये जायचं होतं. त्याने न्यूयॉर्कमध्ये शोध शोध शोधलं, की कुठल्या महिन्यात तिथे वारा कसा असतो, प्रवाह कुठे नेतात, यावर काही लिहिलेलं मिळतं का. काहीच मिळेना. शेकडो जहाजं त्या वाटेने जाऊन आली होती आणि प्रत्येकाच्या कप्तानाने रोजची नोंदवही लिहिलेली होती. पण ती वही कप्तानाच्या पेटीत, नाहीतर मालकाच्या कपाटात. ज्ञान होतं, पण ज्याचं त्याच्यापाशी.

हे मला नीट समजतं, कारण माझे आजोबा तांडेल होते. मतलई कधी सुटेल, खारा वारा कधी पडेल, कुठल्या टेकडीवर ढग बसला की मचवा बाहेर काढायचा नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ते सगळं गेलं. माझ्या वडिलांना त्यातलं निम्मं येत होतं, मला काहीच नाही.

मॉरी कदाचित आयुष्यभर समुद्रावरच राहिला असता. 1839 च्या ऑक्टोबरात ओहायोत तो घोड्यांच्या टपाल गाडीतून चालला होता. गाडी भरलेली. एका बाईला बसायला जागा हवी म्हणून याने आपली दिली आणि टपावर जाऊन बसला. रात्री गाडी उलटली. उजवा पाय मोडला, तो वेडावाकडा बसवला गेला, पुन्हा मोडून बसवावा लागला, आणि मॉरी जन्माचा लंगडा झाला. वय तेहेतीस. नौदलातल्या माणसाला डेकवर उभं राहता येत नसेल तर त्याचं करायचं काय? अंथरुणात पडल्या पडल्या त्याने टोपणनावाने लेख लिहून नौदलाच्या कारभाराचं वस्त्रहरण केलं. उजव्या हाताचं आणि डोक्याचं काही बिघडलेलं नव्हतं.

1842 मध्ये त्याला वॉशिंग्टनला एक टेबल मिळालं. नकाशे आणि उपकरणं ठेवण्याच्या कोठाराचा प्रमुख. अशी जागा म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्या वाचकांना सांगायला नको. पण त्या कोठारात मॉरीला नौदलाच्या जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांचे ढीग दिसले. प्रवास संपला, वही जमा झाली, पुन्हा कुणी उघडली नाही. रद्दीच्या वाटेला लागलेला तो माल होता. मॉरीने हाताखालच्या माणसांना बसवलं आणि वह्या उघडायला लावल्या. कुठलं जहाज, कुठला महिना, कुठले अक्षांश-रेखांश, वारा कुठून, किती जोराचा, प्रवाह कुठे. एकेका वहीतून हे वेचून काढायचं आणि समुद्राच्या नकाशावर मांडायचं.

मांडण्याची त्याची एक पद्धत मला अजून थक्क करते. त्याने समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात बारा महिने. प्रत्येक महिन्यात वारा सोळा दिशांपैकी कुठल्या दिशेने किती वेळा नोंदला गेला आणि किती वेळा समुद्र निर्वात होता, याचे आकडे. म्हणजे एखाद्या कप्तानाने विचारावं की मार्चमध्ये विषुववृत्ताजवळच्या अमुक चौकोनात मला वारा मिळेल का, आणि नकाशाने उत्तर द्यावं की इतक्या जहाजांपैकी इतक्यांना मिळाला. त्या चौकोनात तो कप्तान कधी गेलेला नसला तरी त्याच्या मदतीला शेकडो कप्तान उभे. ते एकमेकांना भेटलेले नाहीत, त्यातले काही तर मेलेलेही असतील. संगणकाच्या शंभर वर्षं आधी, केवळ कागद आणि कारकून यांच्या जोरावर, समुद्राला प्रश्न विचारण्याची सोय या लंगड्या माणसाने केली.

उत्तर अटलांटिकचा वारे आणि प्रवाहांचा पहिला नकाशा 1847 मध्ये निघाला. कप्तान मंडळींनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. टेबलावर बसून समुद्र शिकवणारा हा कोण? मग 1848 मध्ये बाल्टिमोरच्या एका जहाजाचा कप्तान, जॅक्सन त्याचं नाव, मॉरीच्या नकाशाने रिओला निघाला. तोवरची रीत अशी होती की ब्राझीलच्या पूर्वेच्या टोकाजवळचा प्रवाह जहाजाला खेचून नेतो या भीतीपोटी पार आफ्रिकेच्या बाजूला जायचं, तिथल्या निर्वात पट्ट्यात आठवडेच्या आठवडे कुजायचं आणि मग वळायचं. वह्यांचा हिशेब सांगत होता की तो प्रवाह एवढा भयंकर नाही, सरळ दक्षिणेला जा. एरवी पंचावन्न दिवसांच्या आसपास लागायचे. जॅक्सन अडतीस दिवसांत पोचला. पिढ्यान्‌पिढ्या एकाने दुसऱ्याला सांगितलेली भीती, आणि ती कुणी मोजून पाहिलेलीच नव्हती.

त्यानंतर नकाशांना मागणीच मागणी. इथे मॉरीची खरी हुशारी दिसते. त्याने नकाशे विकले नाहीत. ज्याला हवा त्याला फुकट, पण एका अटीवर. आपण दिलेल्या छापील तक्त्यात रोजच्या नोंदी करायच्या आणि प्रवास संपला की तो तक्ता वॉशिंग्टनला पाठवायचा. दे आणि घे. व्यापारी जहाजं, युद्धनौका, देवमासे मारणारी जहाजं, सगळी त्यात आली. देवमाशांच्या शिकाऱ्यांकडून त्याने कुठल्या समुद्रात कुठल्या महिन्यात कुठला देवमासा दिसतो तेही विचारलं आणि 1851 मध्ये देवमाशांचा नकाशा काढला. कप्तानांनी तारीख आणि ठिकाण लिहिलेली चिठ्ठी बाटलीत घालून समुद्रात सोडावी, दुसऱ्या कुणाला सापडली तर कळवावं, हेही त्याचंच. हजारभर जहाजं अशी त्याची नोकरी बिनपगारी करत होती आणि बदल्यात त्यांचे दिवस वाचत होते.

दिवस वाचत होते म्हणजे काय, ते कॅलिफोर्नियातल्या सोन्याने दाखवलं. 1849 नंतर न्यूयॉर्कहून सॅनफ्रान्सिस्कोला जाण्याची झुंबड उडाली. रस्ता केप हॉर्नवरून, साध्या जहाजाला सहा महिने लागत. 1851 मध्ये 'फ्लाइंग क्लाउड' हे जहाज 89 दिवसांत पोचलं. त्याचा मार्ग ठरवणारी व्यक्ती होती कप्तानाची बायको, एलिनॉर क्रीसी. सूर्य-तारे पाहून जहाजाची जागा काढायची, मॉरीच्या सूचना वाचायच्या आणि नवऱ्याला सांगायचं की आता इकडे वळव. नवऱ्याने ऐकलं. (आमच्या सौ.ने हे वाक्य दोनदा वाचायला लावलं.)

पण एकट्या अमेरिकेच्या जहाजांनी समुद्र पुरा होत नव्हता. हिंदी महासागरातले मोसमी वारे मांडायचे तर इंग्रज आणि डच जहाजांच्या वह्या हव्यात, उत्तरेचे समुद्र मांडायचे तर रशियनांच्या. आणि इथे खरी पंचाईत. एकजण दाब इंचांत मोजतो, दुसरा मिलिमीटरमध्ये. एकाचा थर्मामीटर फॅरनहाइटचा, दुसऱ्याचा सेंटिग्रेडचा, तिसऱ्याचा रोमरचा. एक चार तासांनी नोंद करतो, दुसरा मनात येईल तेव्हा. एकाचा जोराचा वारा तो दुसऱ्याची झुळूक. या वह्या एका ठिकाणी रचून ठेवल्या तरी त्या एकमेकींशी बोलणार नव्हत्या.

1853 मध्ये 23 ऑगस्टपासून ब्रुसेल्सला परिषद भरली. दहा देश, बारा प्रतिनिधी. बेल्जियमचे आकडेतज्ज्ञ केटले अध्यक्ष. मॉरीला मुळात जमिनीवरच्या नोंदीही यात हव्या होत्या, पण सगळ्यांना एवढं झेपेना, म्हणून समुद्रापुरतं ठरलं. सुमारे दोन आठवड्यांत त्यांनी एक तक्ता तयार केला. मला यातली गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी: त्यांनी कुणालाही आपलं माप टाकून द्यायला लावलं नाही. इंग्रजाने आपले इंच ठेवावेत, फ्रेंचाने आपले मिलिमीटर. थर्मामीटरवर मात्र आपल्या खुणांशेजारी सेंटिग्रेडच्याही खुणा असाव्यात. आणि रकाने सगळ्यांचे सारखे. काय लिहायचं, कुठल्या रकान्यात, कुठल्या वेळी, हे एक. माप बदलता येतं, गुणाकार-भागाकार करून. पण जी गोष्ट लिहिलीच नाही, किंवा भलत्याच ठिकाणी लिहिली, ती कुठल्या गणिताने परत येणार?

आता घरातलं कारण सांगतो. माझी धाकटी सून पुण्यात संगणकाच्या कामात आहे. शेतात बसवलेली पर्जन्यमापकं, मातीतला ओलावा मोजणाऱ्या कांड्या, नदीच्या पुलावरची पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं, अशी निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं आपापले आकडे पाठवत असतात. ते सगळे एका जागी आणून कुणालाही सहज विचारता येतील असे करायचे, हे तिचं काम. एका रविवारी ती वैतागून सांगत होती की यंत्रांचा त्रास नाही, रकान्यांचा आहे. एकाची वेळ ग्रीनिचची, दुसऱ्याची भारताची, तिसरा वेळ लिहीतच नाही. एकजण पावसाला तासाचा पाऊस म्हणतो, दुसरा दिवसाचा, आणि दोघांच्या रकान्याचं नाव पाऊसच. मी तिला मॉरीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग विचारलं की दहा देशांना त्याने दोन आठवड्यांत कसं पटवलं, आम्हाला तीन खात्यांना दोन वर्षं पटवता आलेलं नाही.

याचं उत्तर बहुधा असं की त्याने प्रत्येकाच्या हातात आधी काहीतरी ठेवलं होतं. नकाशा वापरून ज्याचे पंधरा दिवस वाचले तो वही द्यायला का कू करेल?

ब्रुसेल्सच्या त्या परिषदेने आणखी एक मागणी केली. देशादेशांत युद्ध पेटलं तरी या नोंदी थांबू नयेत, शत्रूच्या जहाजावरच्या या वह्यांना हात लावू नये. महिन्याभरातच क्रिमियाचं युद्ध सुरू झालं, आणि त्यात रशिया एका बाजूला तर काही महिन्यांत इंग्लंड-फ्रान्स दुसऱ्या बाजूला. तरीही काम मोडलं नाही. 1854 मध्ये इंग्लंडने समुद्रावरच्या नोंदींसाठी हवामानाचं खातं काढलं, प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय, डार्विनला 'बीगल'वर नेणारा कप्तान. हॉलंडची हवामानसंस्थाही त्याच वर्षीची.

मॉरी आता जगप्रसिद्ध झाला. 1855 मध्ये 'द फिजिकल जिऑग्रफी ऑफ द सी' हे त्याचं पुस्तक निघालं आणि आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. ज्यूल व्हर्नने कॅप्टन निमोच्या कादंबरीत त्याचा उल्लेख केला आहे. याच सुमारास त्याच्या हाताखालच्या ब्रुक नावाच्या अधिकाऱ्याने तोफेचा गोळा बांधून दोरी तळाला सोडायची, गोळा तिथेच सुटून जाईल आणि दोरीबरोबर तळाचा गाळ वर येईल, असं साधन तयार केलं. हजारो वाव खोलीवरून गाळ आला, त्यात सूक्ष्म शिंपले, एकही फुटलेला नाही. म्हणजे तळाशी पाणी शांत आहे. या मोजण्यांवरून मॉरीने उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढला. समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकायला निघालेल्या सायरस फील्डला त्याचा मोठा आधार झाला.

इथपर्यंतची गोष्ट कप्तानसाहेबांनी सांगितली होती. यापुढची मी स्वतः वाचली, आणि ती वाचताना मला त्रास झाला.

एक म्हणजे, दुसऱ्यांच्या नोंदींवर विसंबून तो जेव्हा हिशेब करत असे तेव्हा सहसा चुकत नसे. पण त्या नोंदींवर स्वतःचे सिद्धांत उभे करताना वाहवत जाई. उत्तर ध्रुवाभोवती बर्फाच्या आत उघडा समुद्र आहे असं त्याने ठामपणे मांडलं, आणि ते साफ चूक निघालं. वॉशिंग्टनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याला कधीच आपल्यात घेतलं नाही. गंमत अशी की त्याच शहरात स्मिथसोनियन संस्थेचे जोसेफ हेन्री जमिनीवरच्या हवामानाच्या नोंदी गोळा करत होते, तारायंत्राने मागवत होते. समुद्राची वही एका इमारतीत, जमिनीची दुसऱ्या. दहा देशांना एका टेबलावर बसवणाऱ्या माणसाला शेजारच्या इमारतीशी जुळवता आलं नाही. दोष एकट्या मॉरीचा नसावा. 1855 मध्ये नौदलाच्या एका मंडळाने लंगड्या पायाचं निमित्त करून त्याला निवृत्तांच्या यादीसारख्याच एका यादीत टाकलं. तीन वर्षं झगडून 1858 मध्ये त्याने आपली जागा परत मिळवली, बढतीसह.

दुसरी गोष्ट अधिक जड. मॉरी दक्षिणेकडचा, व्हर्जिनियाचा. गुलामगिरी असलेल्या समाजात वाढलेला, आणि त्या समाजाच्या सोयीनेच विचार करणारा. 1851 मध्ये त्याच्या प्रयत्नाने नौदलाचे दोन अधिकारी ॲमेझॉन नदीच्या खोऱ्याची पाहणी करायला गेले. त्यामागे मॉरीचा एक बेत होता. दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी आपल्या गुलामांसह ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाऊन वसाहत करावी. म्हणजे अमेरिकेतला गुलामांचा प्रश्न तिकडे सरकेल. माणसांना त्याने त्या वेळी वारा आणि प्रवाह यांच्यासारखं नकाशावर इकडून तिकडे नेलं. खलाशाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा, ज्याची वही त्याचा मान अशा वृत्तीचा हा माणूस, आणि त्याला हे दिसू नये?

1861 च्या एप्रिलमध्ये यादवी युद्ध पेटलं. व्हर्जिनिया फुटून निघताच मॉरीने राजीनामा दिला आणि दक्षिणेच्या बाजूला गेला. एकोणीस वर्षं जमवलेल्या वह्या वॉशिंग्टनलाच राहिल्या. रशियाहून ग्रँड ड्यूक कॉन्स्टन्टाइनने त्याला बोलावलं, की इकडे ये, तुझं काम इथे चालू ठेव. तो गेला नाही. त्याने काय केलं? पाण्याखालचे विजेने उडवायचे सुरुंग तयार केले. जहाजांचे दिवस वाचवणारा, युद्धातही वह्यांना अभय मागणारा माणूस आता नदीच्या तळाशी जहाजं बुडवायची दारू पेरत होता. इकडे वॉशिंग्टनमध्ये त्याच्या जागी आलेल्यांनी त्याचे नकाशे छापणं बंद केलं.

युद्ध हरल्यावर तो मेक्सिकोत बादशहा मॅक्सिमिलियनच्या पदरी राहिला आणि हरलेल्या दक्षिणेतल्या लोकांची वसाहत तिथे वसवण्याच्या खटपटीला लागला. तीही फसली. मग इंग्लंड. 1868 मध्ये तो व्हर्जिनियात परतला आणि लेक्सिंग्टनच्या लष्करी शाळेत शिकवू लागला. शेवटची काही वर्षं पुन्हा जुन्याच ध्यासात गेली. समुद्रावर जे केलं ते जमिनीवर करा. शेतकऱ्यांनी पाऊस, थंडी, पिकं यांच्या नोंदी एका रीतीने ठेवाव्यात, तारायंत्राने त्या एका ठिकाणी याव्यात, आणि सगळ्यांना परत मिळाव्यात. हे सांगत तो मोडक्या पायाने गावोगाव व्याख्यानं देत हिंडला. 1872 च्या शरदात अशाच दौऱ्यावर आजारी पडला. 1 फेब्रुवारी 1873 रोजी लेक्सिंग्टनला गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात व्हिएन्नाला देशोदेशींचे हवामानतज्ज्ञ जमले आणि जमिनीवरच्या नोंदी एका रीतीने ठेवण्याचं काम सुरू झालं. आजची जागतिक हवामान संघटना त्याच झाडाची फांदी. सात महिने कमी पडले.

रिचमंड शहरात 1929 मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला, वर पृथ्वीचा गोल. तो 2 जुलै 2020 रोजी काढून टाकण्यात आला. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या इमारतीवरचं त्याचं नाव 2023 मध्ये गेलं. त्याच वर्षी नौदलाच्या समुद्रसंशोधन जहाजावरूनही त्याचं नाव काढलं आणि मेरी थार्पचं दिलं. ही बाई विसाव्या शतकातली. बायकांना संशोधनाच्या जहाजावर घेत नसत त्या काळात तिने पुरुषांनी आणलेल्या खोलीच्या नोंदी टेबलावर बसून मांडल्या आणि अटलांटिकच्या मधोमध पसरलेल्या डोंगररांगेतली खोल दरी शोधून काढली. त्या डोंगररांगेची पहिली पुसट खूण मॉरीच्या नकाशावर आहे. नाव बदलल्याचं मला वाईट वाटलं नाही. नवं नावही समुद्रावर न जाता समुद्र वाचणाऱ्या माणसाचंच आहे.

वह्या मात्र कुणी हलवल्या नाहीत. मॉरीने जमवलेले तक्ते अमेरिकेच्या अभिलेखागारात राहिले, त्यांच्या मायक्रोफिल्म झाल्या आणि 1990 च्या दशकात चीनमधल्या माणसांनी त्यातला आकडा न्‌ आकडा संगणकात भरला. देवमासे मारणाऱ्या कप्तानाने कंदिलाच्या उजेडात लिहिलेलं तापमान आज जहाजांच्या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय साठ्यात आहे. समुद्र दीडशे वर्षांत किती तापला हे काढायला बसणारे लोक त्या साठ्याकडे जातात. पाच अंशांचा चौकोन सांगायचा, महिना सांगायचा, की नोंदी समोर येतात. उपग्रहाच्या, तरंगत्या बोयांच्या, आणि बादलीच्याही.

त्या 1977 च्या रात्री कप्तानसाहेबांनी मला माझे तीन 27 खोडू दिले नाहीत. खोडलं की आधी काय होतं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारी माझ्याच हाताने लिहायला लावलं की हे तापमान मोजलेलं नाही, आणि खाली सही. एडनला पोचेपर्यंत रोज रात्री ते स्वतः येऊन बादली वर येताना बघत उभे राहत.

पण ती वही त्या प्रवासाची. त्याआधीच्या दोन प्रवासांत, मार्च आणि मे महिन्यात, मुंबई ते मोंबासाच्या वाटेवर मी हाच उद्योग केला होता. त्या वह्या तोवर मुंबई बंदरातल्या हवामान कार्यालयात जमा होऊन गेल्या होत्या. मी कप्तानसाहेबांना ते सांगितलं नाही. परवा सुनेला सांगितलं. तिने चष्मा वर केला आणि विचारलं की किती आकडे. मी म्हटलं, नऊ असावेत, फार तर दहा. मग तिने संगणक उघडला आणि मला जहाजाचं नाव विचारलं.